बीकेसी आणि वागळे इस्टेट, बजेट २८ हजार : भाड्याचं घर कुठे बघावं? (हिशोब आणि अनुभव दोन्ही लिहा)

कासपठार
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर हलवा.

तर मी साताऱ्याचा, पुढच्या महिन्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटला जॉइन होतोय. बायको आधीपासून बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरीला आहे आणि कुर्ल्याला कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका कॉटचं भाडं भरून, राहते, एका खोलीत चौघी, त्यामुळे आता कसंही करून स्वतःचं दार बंद करता येईल असं घर पाहिजे असं तिचं म्हणणं आहे जे बरोबरच आहे. दोघांचं मिळून हातात ९० हजार येतात, त्यातले १५ गावी जातात. वन बीएचके, बजेट ओढूनताणून २८. साइटवर बघतो तर २५ ला सुंदर फ्लॅट दिसतात आणि फोन केला की "तो आत्ताच गेला सर, पण ३५ चा एक आहे". ठाणे घ्यावं, मुलुंड घ्यावं की सरळ डोंबिवलीला जाऊन पैसे वाचवावेत? आणि डिपॉझिट, ब्रोकरेज, अॅग्रीमेंट ह्यात नक्की किती जातात हे कोणी नीट सांगेल का, कारण प्रत्येक ब्रोकर वेगळं सांगतोय.

डबल_फास्ट
डोंबिवलीकर बोलतोय. घर मोठं मिळेल, भाडं कमी, मार्केट झकास, शेजारपाजार मराठी, सगळं खरं. पण तुमच्या मिसेसना सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून फास्ट पकडून कुर्ल्याला उतरायचंय हे डोळ्यासमोर आणा. चढणं जमतं एकवेळ, कुर्ल्याला दाराशी पोचणं हे वेगळं कौशल्य आहे. मग कुर्ला वेस्टला शेअर रिक्षाची लाइन. मी वर्षानुवर्षं करतोय म्हणून सांगतो, वाचलेले सात-आठ हजार अंगावर निघतात. दोघांपैकी एकाची नोकरी डोंबिवलीच्या बाजूला असती तर डोळे झाकून या म्हटलं असतं.

मुलुंडकरीण
अहो वागळे इस्टेट म्हणजे आमच्या चेकनाक्याच्या पलीकडेच की! मुलुंड वेस्टला एलबीएस रोडच्या (लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या) बाजूला घर घेतलंत तर तुम्ही बसने नाहीतर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत ऑफिसला (ट्रॅफिक नसेल तर, हे कंसात घ्या) आणि बायकोला मुलुंड ते कुर्ला लोकल. हिशोबाने मधलं गाव हेच. फक्त २८ मध्ये वेस्टला चांगल्या सोसायटीत लिफ्ट-पार्किंगसकट मिळणं अवघड, जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगमध्ये मिळेल. ईस्टला नवघर किंवा म्हाडा कॉलनीकडे बघा. भांडुप अजून थोडं स्वस्त, पण तिथे सगळ्या फास्ट थांबत नाहीत, बहुतेक वेळा स्लोनेच यायचं.

एक मात्र आहे. मेट्रो ४ एलबीएसवरून जाणार म्हणून ब्रोकर आत्तापासून "मेट्रो टच" म्हणून जास्त सांगतात. वडाळा ते कासारवडवली लाइन आहे ती, तिचा तुमच्या बीकेसीला काय उपयोग. न वापरायच्या मेट्रोचे पैसे देऊ नका.

उंटावरचा_शहाणा
किसननगर? वागळेला चालत.

मुलुंडकरीण
@उंटावरचा_शहाणा चालत खरं, पण तिथल्या जुन्या इमारती बघून घ्या. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. भाडं संशय यावा इतकं कमी असेल तर आधी बिल्डिंगचं नाव त्या यादीत शोधा. हे ठाण्यालाच नाही, मुंबईतही बघायचं.

पावसाळी_भिंत
घर बघायला दुपारी बारा वाजता जाऊ नका, ब्रोकर मुद्दाम तेव्हाच नेतात कारण उजेड असतो आणि पाण्याचा प्रश्न दिसत नाही. संध्याकाळी जा. किचनचा आणि बाथरूमचा नळ सोडून बघा. खाली सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा, त्याच्यावर सगळी कुंडली असते, टँकरचे पैसे, पाणी किती ते किती, लिफ्ट कधीपासून बंद, कोणाचं मेंटेनन्स थकलंय.

आणि नवीन रंगाचा वास आला की मला तरी शंका येते. बाहेरच्या बाजूची भिंत, म्हणजे जिच्यावर पावसाचा मारा बसतो ती, तिला तळहात लावून बघा. गार आणि किंचित चिकट लागली, किंवा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगवटे असले आणि नखाने टोचलं की पापुद्रा सुटून आतून पांढरी भुकटी निघाली, तर जुलैत तिथे बुरशी येणार म्हणजे येणारच. कपाट भिंतीला चिकटून उभं असेल तर मागे मोबाइलचा टॉर्च मारा. आमच्या आधीच्या घरी मालकाने नेमकं तिथेच कपाट "फ्री" म्हणून ठेवलं होतं.

कासपठार
धन्यवाद सगळ्यांना. मुलुंड-भांडुप डोक्यात बसतंय. आता पैशाचं कोणीतरी सांगा.

गवती_चहा
आम्ही मागच्याच वर्षी शिफ्ट झालो, मी सांगते. भाडं २८ धरा. डिपॉझिट एक लाख धरा (तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काहीही मागतात). ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, म्हणजे अजून २८. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ २८. झाले १ लाख ५६ हजार, त्यात टेम्पो, गॅस, पडदे, पंखे, गीझर काहीच नाही अजून. दोन लाख हातात नसतील तर घर बघायला सुरुवातच करू नका, टोकन देऊन बसाल आणि मग मित्रांना फोन करत फिराल.

लोक अजून एक विसरतात. ब्रोकरेजचे २८ अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला अडीच हजार पडतात. म्हणजे २८ चं घर हे खरं तर साडेतीसचं. आणि अकरा महिन्यांनी रिन्यूअल करताना ब्रोकर परत हात पसरतो, त्याने काय केलं तर व्हॉट्सअॅपवर "रिन्यू करताय का सर" एवढं विचारलं. हे आधीच बोलून घ्या की रिन्यूअलला ब्रोकरेज नाही. आधी बोललात तर मानतात, नंतर भांडण.

बाल्कनी_नसलेला
२८ चं साडेतीस!! आता कळलं माझे पैसे कुठे जातात ते :(

उंटावरचा_शहाणा
डिपॉझिट आता दोन महिन्यांच्या वर घेताच येत नाही. नवीन नियम आलाय. ग्रुपवर फॉरवर्ड आला होता, टाकू का?

कागदवाली
नका टाकू :) रोज दहा जण तो फॉरवर्ड घेऊन आमच्याकडे येतात. मी अॅग्रीमेंट रजिस्ट्रेशनचंच काम करते म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

दोन महिन्यांची मर्यादा आहे ती केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात, जो २०२१ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर तिथे लागू. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चालतो आणि डिपॉझिट किती घ्यायचं हे दोघांच्या बोलण्यावर. त्यामुळे मालकाला फॉरवर्ड दाखवून उपयोग नाही, घासाघीस करायची.

आता अॅग्रीमेंट. आपल्याकडे होतं ते लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. अकरा महिन्यांचं का, तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो असं १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, ते टाळायला देशभर अकराची सवय पडली. पण गंमत म्हणजे महाराष्ट्रात ती पळवाट चालतच नाही, १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मग अकरा महिने असो की तीन वर्षं. आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी घरमालकाची. केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून "साध्या स्टँपवर नोटरी करून टाकू, कशाला खर्च" असं जो मालक म्हणतो तो स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत असतो. पण तुम्हालाही नुकसान आहेच, पासपोर्टला, गॅस कनेक्शनला, बँकेत पत्ता बदलायला रजिस्टर्ड कॉपीच बरी पडते.

कासपठार
@कागदवाली खूप उपयोगी. ब्रोकर रजिस्ट्रेशनचे सहा हजार सांगतोय, बरोबर आहे का?

कागदवाली
सरकारी खर्च काढून दाखवते, तुमचेच आकडे घेऊन. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के. कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. २८ हजार गुणिले ११ म्हणजे ३,०८,०००. एक लाखावर अकरा महिन्यांचं व्याज ९ हजारच्या आसपास. एकूण ३,१७,००० धरा, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ८०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. म्हणजे मुख्य खर्च १,८०० आणि वर किरकोळ. बाकी जे आहे ते घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या माणसाचे आणि ब्रोकरचे. घरी येऊन सगळ्यांचे अंगठे-फोटो घेतो, आधारवर होतं, कुठे ऑफिसात जावं लागत नाही, तर त्याला पैसे द्यायला हरकत नाही, पण "सरकारी फीच एवढी आहे" असं म्हणाला तर वरचा हिशोब पुढे करा. पैसे कोणी भरायचे हे बोलून ठरवा, बहुतेक ठिकाणी अर्धे अर्धे.

घरमालक_नाईलाजाने
मी पलीकडच्या पार्टीतला. एक वन बीएचके आहे, आईवडिलांचा, विकवत नाही म्हणून भाड्याने देतो. इथे सगळे मालकाला व्हिलन करून ठेवतात म्हणून लिहितो.

भाडं २८ आलं की त्यातून मेंटेनन्स मी भरतो, मी तिथे राहत नाही म्हणून सोसायटी माझ्याकडून नॉन-ऑक्युपन्सी घेते, प्रॉपर्टी टॅक्स आहे, दोन भाडेकरूंच्या मध्ये महिना-दीड महिना घर रिकामं जातं, भाड्यावर इन्कम टॅक्स आहे. हातात येतं ते फ्लॅटच्या किमतीच्या मानाने एफडीपेक्षाही कमी. आणि एवढं करून भाडेकरू जाताना भिंतीला ड्रिलची चाळण करून जातो. डिपॉझिट त्यासाठीच असतं.

बाल्कनी_नसलेला
काका ते सगळं मान्य पण "बॅचलर नको" का हो? माझा पगार त्या फॅमिलीपेक्षा जास्त आहे, दारू पीत नाही, रात्री दहाला झोपतो, तरी "मुलगी आणशील", "पार्टी करशील". शेवटी तिघांनी मिळून टू बीएचके घेतला तो पण सोसायटीने इंटरव्ह्यू घेऊन, सेक्रेटरी विचारतो नॉनव्हेज घरात बनवणार का. भाडं मी भरणार, गॅस माझा, कुकर माझा.

घरमालक_नाईलाजाने
मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटी माझ्या मागे लागते. दर मीटिंगला माझ्याच फ्लॅटचा विषय.

गवती_चहा
"मला नाही, सोसायटीला प्रॉब्लेम आहे" हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक मालकाला तोंडपाठ असतं. सोसायटीला विचारलं की ते म्हणतात मालकालाच नकोय.

कागदवाली
अवांतर नाही म्हणून सांगते, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालकाने भरायचे असतात आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सर्व्हिस चार्जेस धरताना महापालिकेचे कर वगळून. तुमची सोसायटी दोन-तीन हजार घेत असेल तर काका तुम्ही भांडा, ते भाड्यात वाढवून भाडेकरूच्या माथी मारू नका.

घरमालक_नाईलाजाने
१० टक्के?? आमच्याकडे तर फ्लॅट रेट लावलाय. बघतो. थँक्यू.

उंटावरचा_शहाणा
हेवी डिपॉझिटचं कोणी बोलत नाही. १५ लाख एकदाच द्यायचे, भाडं शून्य, सोडताना १५ लाख परत. महिन्याची कटकटच नाही. माझ्या ओळखीच्यांनी घेतलंय, मजेत आहेत.

डबल_फास्ट
१५ लाख असते तर हा धागा कशाला काढला असता त्याने :D

गवती_चहा
पण हिशोब करून बघा ना. १५ लाखांवर बँकेत ७ टक्के धरले तर महिन्याला ८,७५० येतात. म्हणजे २८ चं घर मालक तुम्हाला पावणेनऊला देतोय. इतका उदार का? त्याला एकरकमी पैसे हवेत आणि बँक देत नाहीये, बहुतेक वेळा हेच. तुम्ही त्याला तारण न घेता कर्ज दिलंय आणि व्याजाऐवजी घरात राहताय. सोडायच्या वेळी त्याच्याकडे १५ लाख असतीलच कशावरून? तो पुढच्या भाडेकरूकडून घेऊन तुम्हाला देणार. पुढचा मिळेपर्यंत तुम्ही लटकलेले.

कागदवाली
+१. आणि ह्यातच सगळ्यात जास्त फसवणूक होते. एजंट मालकाकडून फ्लॅट साध्या भाड्याने घेतो, मग स्वतःच मालकासारखा वावरून तोच फ्लॅट दुसऱ्याला हेवी डिपॉझिटवर देतो, दोन-चार महिने मालकाला भाडं भरतो आणि गायब. खरा मालक दारात येतो तेव्हा कळतं. म्हणून नेहमीच्या भाड्याला पण लागू, इंडेक्स टू (फ्लॅट कोणाच्या नावावर नोंदलाय हे दाखवणारा नोंदणी ऑफिसचा कागद) मागा, मेंटेनन्सची पावती आणि लाइट बिल कोणाच्या नावावर ते बघा, आणि पैसे मालकाच्याच खात्यात, त्याच नावाच्या. "भावाच्या खात्यात टाका" म्हटलं की उठा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एकदा विचारा की हे मालकच ना आणि फ्लॅटवर बँकेची नोटीस वगैरे नाही ना.

हेवीवर स्टँप ड्युटी लागतच नाही असंही काहीजण सांगतात. लागते. मगाचं १० टक्के व्याज त्याच्यावरही धरतात, म्हणूनच ती तरतूद आहे.

बाल्कनी_नसलेला
ऑनलाइनवाला फ्रॉड पण लिहा कोणीतरी. "मी आर्मीत आहे, पोस्टिंग झाली, फ्लॅट बघायला गेट पाससाठी थोडे पैसे पाठवा, रिफंडेबल", मग क्यूआर कोड पाठवतात की स्कॅन करा पैसे परत येतील. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही हे अजूनही लोकांना माहीत नाही. घर डोळ्यांनी न बघता एक रुपया नाही.

कासपठार
बापरे. बरं एचआरएचं (घरभाडे भत्त्यावरच्या टॅक्स सवलतीचं) काय? बायकोच्या नावाने अॅग्रीमेंट करायचं की माझ्या? आणि मालक म्हणतोय अर्धं भाडं कॅश.

गवती_चहा
दोघांच्या नावाने करा. एक म्हणजे दोघांनाही पत्त्याचा पुरावा होतो, आणि उद्या एकाचं काही झालं तर दुसऱ्याला "तुम्ही कोण" असं कोणी विचारणार नाही. एचआरए फक्त जुन्या टॅक्स रेजीमला मिळतो, नवीनला सूट नाही, तर आधी तुम्ही दोघं कशात आहात ते बघा. जुन्यात असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, इथेच मालकांच्या पोटात दुखतं. अर्धं कॅश घेतलं तर अॅग्रीमेंटवर १४ लिहिणार, म्हणजे एचआरए १४ वर, आणि भांडण झालं तर तुम्ही २८ देत होता ह्याचा कागद नाही. मी तर नाही म्हणेन.

घरमालक_नाईलाजाने
मी सगळं चेकने घेतो हां. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढ्यासाठी कोण लपवाछपवी करतो.

मुलुंडकरीण
@घरमालक, तुमचा फ्लॅट कुठे आहे हो? ;)

घरमालक_नाईलाजाने
दहिसर. त्यांच्या काही कामाचा नाही.

पावसाळी_भिंत
डिपॉझिट परत मिळण्याबद्दल राहिलंच. राहायला जायच्या दिवशी सामान आत घ्यायच्या आधी पूर्ण घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ, फरशीचे तडे, भिंतीवरचे डाग, आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा म्हणजे तारीख पक्की. पंखे-ट्यूब-गीझर किती हे अॅग्रीमेंटच्या शेवटी यादी म्हणून जोडायला सांगा. "पेंटिंग चार्जेस डिपॉझिटमधून कापले जातील" असं वाक्य असेल तर आकडा लिहून घ्या नाहीतर काढायला लावा. आमच्या एका मालकाने सोडताना पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापले होते, आम्ही गेलो तेव्हाच रंग उडालेला होता पण फोटो कुठे होते आमच्याकडे. आणि किल्ली देणं आणि पैसे घेणं एकाच वेळी. आधी किल्ली आणि "पंधरा दिवसांत टाकतो" हे नाही.

डबल_फास्ट
काहीजण शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देत नाहीत, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणतात.

घरमालक_नाईलाजाने
ते चूक आहे. मग नुकसान झालं तर आम्ही कुठून घ्यायचं?

कागदवाली
दोघांनी मिळून लिहून ठरवलं तर चालतं, एकट्याने मनाने करू नये. पण मुदत संपल्यावर घर न सोडणं त्याहून महाग पडतं, त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर अडून बसलं तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. उलट बाजूने मालकानेही पाणी-लाइट तोडून हुसकावायचं नसतं. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती अट, नीट वाचा. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि चौथ्या महिन्यात बदली झाली तर उरलेलं भाडं भरावं लागेल असं त्यात असतं, तेव्हा "बदली झाल्यास एक महिन्याची नोटीस पुरे" ही ओळ आधीच घालून घ्या. लॉक-इन मालकालाही लागू असावं, नाहीतर तो तिसऱ्या महिन्यात "मुलाचं लग्न आहे" म्हणून घर मागतो.

आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती मालकाने. मुलुंडला घेतलंत तर मुंबई पोलिस, ऑनलाइन होतं. वागळेला घेतलंत तर ठाणे पोलिस. त्याची कॉपी तुम्हीही ठेवा, सोसायटी मागते.

कासपठार
रविवारी येतोय. मुलुंड ईस्टला दोन आणि भांडुप वेस्टला एक अशी ठरवलीत, संध्याकाळच्या वेळा घेतल्यात :) एक ईस्टचं २७ ला आहे पण ब्रोकर म्हणतो बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे "पण अजून दोन वर्षं तरी काही नाही". घ्यावं का?

मुलुंडकरीण
आमच्याकडे निम्म्या बिल्डिंग जाणारच आहेत. भाडी वाढली त्याचं ते एक कारण आहे, बिल्डर जुन्या रहिवाशांना भाडं देतो आणि त्यांना मुलांची शाळा सोडायची नसते म्हणून ते सगळे ह्याच दोन-चार गल्ल्यांत घर शोधतात. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे आणि त्यांचं भाडं बिल्डर भरतो.

घेऊ नका असं नाही म्हणत. ब्रोकरला नका विचारू, सोसायटीच्या ऑफिसात विचारा की बिल्डरबरोबर करार सही झाला का, घरं रिकामी करायची नोटीस निघाली का. नुसती मीटिंग-मीटिंग चालू असेल तर अकरा महिने आरामात निघतात. करार झाला असेल तर २७ जास्त आहेत, २४ म्हणा, आणि ब्रोकरेज अर्धं. एकच, तशा बिल्डिंगमध्ये कोणी दुरुस्तीवर खर्च करत नाही, टेरेसचं वॉटरप्रूफिंग वगैरे विसरा. कितव्या मजल्यावर आहे?

कासपठार
सर्वात वरच्या.

पावसाळी_भिंत
नको.